एका डब्यातल्या गोळ्या

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईघरात तिला सगळ्या जणी तराजूबाई म्हणायच्या. तोंडावर म्हणायच्या, पाठीमागेही म्हणायच्या, आणि तिला त्याचा कधी राग आला नाही. खरं सांगायचं तर ती मनातून खूशच होती. काही माणसांना पदवी शिकून मिळते, हिला वाटण्या करून मिळाली होती.

सहा भावंडांत ती थोरली. आई-बाप दोघंही दिवसभर कामावर, त्यामुळे आलेला खाऊ वाटायचं काम हिच्याकडे. पाव असो, कलिंगड असो की साबणाची वडी असो, हिची सुरी जिथे पडेल तिथे भांडण मिटायचं. कापणारीने आपला तुकडा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा, हा नियम तिने स्वतःच स्वतःला घालून घेतला. त्यामुळे तिच्या वाट्याला बहुतेक वेळा कोपरा यायचा. पण धाकट्या भावाने "तिला जास्त मिळालं" असं कधी म्हटलं नाही, आणि तिला तेवढंच हवं होतं.

पुढे धुलाईघराची मुकादम झाल्यावर तिने तोच कारभार तिथे लावला. वॉर्डातून चादरींची गाठोडी यायची. त्यातली काही हलकी, काही ओली नि जड, काही अशी की उघडताना तोंड फिरवावं लागे. आधीच्या मुकादमाच्या राज्यात जड गाठोडी नव्या बायकांच्या माथी मारली जायची. हिने पाळ्या लावल्या. ड्रायरजवळची उबदार जागासुद्धा थंडीत पाळीपाळीने. जेवणाच्या सुट्टीत घड्या घालायच्या लांब टेबलावर सगळ्यांचे डबे उघडायचे आणि प्रत्येकीच्या ताटात प्रत्येक डब्यातलं थोडं थोडं पडायचं. एखादी डबा न आणताच आली तरी तिचं ताट इतरांसारखंच भरायचं. या टेबलावर "माझं" हा शब्दच चालत नसे.

तिची धाकटी जाऊही याच धुलाईघरात घड्या घालायला होती. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही सज्जन, म्हणजे घरात सहसा बोलायचे नाहीत. ती उणीव दोन्ही जावांनी भरून काढली होती. खिडकी उघडी ठेवायची की बंद, पायपुसणं कुणी ओलं केलं, चहात साखर आधी की नंतर, कशावरूनही यांची जुंपायची. धाकटी थोरलीला अहो-जाहो करायची, आणि भांडणातही ते सोडायची नाही. "तुम्हाला कळत नाही, हे मी तुम्हाला आदराने सांगतेय," असं ती म्हणायची. एकाच स्वयंपाकघरात वीस-बावीस वर्षं असं भांडायचं म्हणजे त्यालाही माया लागते.

ती माया किती, हे तराजूबाईला कळलं ते दोन हिवाळ्यांमागे. धाकटीला साधी सर्दी झाली, ती छातीत उतरली, आणि पाहता पाहता न्यूमोनिया होऊन तिला याच इस्पितळात वरच्या मजल्यावर ठेवावं लागलं. रोज शेकडो चादरी धुणाऱ्या बाईने त्या दिवशी पहिल्यांदा चादरीखालच्या माणसाकडे पाहिलं. जाऊ वाचली, पण घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी बजावलं, "यांची छाती आता नाजूक झालीय. पुन्हा असं होता कामा नये." तराजूबाईने मान डोलावली. तेव्हापासून थंडी पडायला लागली की तिला मरणाची भीती वाटायची, आणि मरण स्वतःचं नव्हतं. हे ती कुणाजवळ बोलली नाही. फक्त खिडकीवरून भांडायचं सोडून ती खिडकी स्वतःच बंद करायला लागली, आणि धाकटीला ते फार संशयास्पद वाटलं.

अशा वेळी डॉक्टरीणबाई खाली आल्या.

त्या वयाने तरुण होत्या, सर्दी-खोकल्याच्या विषाणूंवर काम करायच्या, आणि त्यांचं स्वतःचं नाक बारा महिने गळायचं. धुलाईघरातल्या 'रेडिओ'ने, म्हणजे जिचं तोंड ड्रायरपेक्षा जास्त चालायचं त्या बाईने, पहिल्याच दिवशी शेरा मारला, "स्वतःचं नाक आवरेना, आणि निघाल्यात आपली सर्दी थांबवायला." डॉक्टरीणबाई हे ऐकून हसल्या, शिंकल्या, आणि तिथेच सगळ्यांना आवडल्या.

त्यांनी समजावून सांगितलं. ज्यांच्या अंगात ड जीवनसत्त्व कमी, त्यांना सर्दी-खोकल्याची लागण जास्त होते, असा काहींचा अंदाज आहे. तळघरात काम करणाऱ्यांना ऊन मिळत नाही, त्यात रोग्यांच्या चादरी हाताळायच्या. तेव्हा गोळ्या देऊन फरक पडतो का, हे तपासायचं. सहा-सात ठिकाणच्या कामगारांवर ही तपासणी चालली होती. प्रत्येकीला तिच्या नावाची बाटली मिळेल, रोज एक गोळी घ्यायची, खोकला झाला तर नाकात काडी घालून नमुना द्यायचा, आणि हिवाळा सरताना सगळ्यांचं रक्त घ्यायचं.

"आणि निम्म्या बाटल्यांमधल्या गोळ्या रिकाम्या असतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे नुसतं तेल. दिसायला अगदी तशाच. कुणाला खरी, कुणाला रिकामी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलंय. तुम्हाला कळणार नाही, मलाही ठाऊक नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या, सह्या केल्या, बाटल्या घेतल्या. डॉक्टरीणबाई नाक पुसत वर गेल्या. आणि मग जेवणाच्या टेबलावर वादळ उठलं.

"म्हणजे आपल्यातल्या निम्म्यांना चक्क बनवतायत," रेडिओने सुरुवात केली. "एकीला औषध आणि दुसरीला तेल! वर म्हणे कळणार नाही."

"सांगून बनवतात त्याला बनवणं नाही म्हणत," धाकटी म्हणाली.

"मग काय म्हणतात?"

धाकटीने लोणच्याची बरणी तिच्यापुढे सरकवली.

तराजूबाई चहाचा कप हातात धरून बसली होती. ज्या टेबलावर लोणच्याची फोडही वाटून खाल्ली जायची, तिथे बसून निम्म्यांनी औषध घ्यायचं आणि निम्म्यांनी तेल प्यायचं, हे तिच्या डोक्यात शिरेना. आणि मनाच्या तळाशी दुसरीच गोष्ट टोचत होती: धाकटीच्या हातातली बाटली रिकाम्यांपैकी निघाली तर? तिने चहाचा कप बाजूला सारला, कपाटावरचा बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा काढला, स्वच्छ पुसला, आणि म्हणाली, "आणा सगळ्यांच्या बाटल्या."

कुणी विचारलंसुद्धा नाही कशाला. बाटल्या डब्यात रित्या झाल्या, तिने डाव घालून गोळ्या छान ढवळल्या, आणि पुन्हा मोजून बाटल्या भरल्या. आता प्रत्येकीला कधी खरी, कधी तेलाची. कुणी उपाशी नाही, कुणी तृप्त नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. डॉक्टरीणबाईंना सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. जेवण वाटून खाल्लं हे आपण वर जाऊन कुणाला सांगतो का?

नव्या बाटल्या आल्या की डबा खाली यायचा. रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी तराजूबाई सगळ्यांना रांगेत उभं करायची आणि आपल्यासमोर गोळी गिळायला लावायची. डॉक्टरीणबाई अधूनमधून येऊन उरलेल्या गोळ्या मोजायच्या. इतर ठिकाणी कुणी विसरायचं, कुणी बाटली हरवायचं. इथे हिशेब चोख.

"तुमच्यासारखी माणसं मला कुठेच मिळाली नाहीत," त्या गहिवरून म्हणायच्या, आणि तराजूबाई मान खाली घालून लाजायची.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी धुलाईघरात कुणालाच ठाऊक नव्हती. रांगेच्या शेवटी तराजूबाई स्वतःची गोळी तोंडाजवळ न्यायची, पाणी प्यायची, आणि गोळी अ‍ॅप्रनच्या खिशात जायची. संध्याकाळी घरी ती गोळी धाकटीसमोर यायची.

"ही कसली?" धाकटीने पहिल्या दिवशी विचारलं.

"छातीचं दुखणं झालेल्यांना संध्याकाळीही एक सांगितलीय."

"मला नाही सांगितलं कुणी."

"तुला सांगून उपयोग असतो का? वाद घालतेस. मला सांगितलं."

हे मात्र धाकटीला पटलं. वाद घालण्याबद्दल तिला स्वतःची खात्री होती. तिने गोळी गिळली, आणि थोरलीच्या मनात आलं, आपण आयुष्यात पहिल्यांदा वाटणीत लबाडी केली. मग लगेच तिने स्वतःची समजूत घातली: दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं दिलं नाही, आपल्याच वाट्याचं दिलं. तरीही रोज सकाळी त्या रांगेसमोर उभं राहून पाणी पिताना तिला थोडं चोरट्यासारखं व्हायचं. आणि रोज संध्याकाळी धाकटीच्या घशाखाली गोळी उतरताना पाहिली की ते सगळं विसरायला व्हायचं.

हिवाळा यायचा तसा आला. तळघर खोकायला लागलं. रेडिओचा आवाज आठवडाभर बसला, तेव्हा मशीनची खरी घरघर कशी असते ते सगळ्यांना पहिल्यांदा ऐकू आलं. धाकटीलाही ताप भरला. तराजूबाईने वाफारा दिला, सूप पाजलं, दिवसातून दहादा पाठीला कान लावून श्वास ऐकला. धाकटी वैतागून म्हणाली, "अहो, मी रेल्वे आहे का, येतेय का नाही ते बघायला?" पण सर्दी नाकातच राहिली. छातीत उतरली नाही. धाकटी उठून कामावर आली त्या दिवशी तराजूबाईने देवाचे आभार मानले, आणि गोळीचे त्याहून जास्त.

मग थंडी ओसरली, सगळ्यांचं रक्त घेऊन झालं, आणि काही दिवसांनी डॉक्टरीणबाई खाली आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने. शिंकल्यासुद्धा नाहीत.

"काहीतरी मोठी चूक झालीय," त्या टेबलाशी बसत म्हणाल्या. "कुणाला कुठली बाटली हे वरच्या हिशेबनिसांना ठाऊक असतं. ते म्हणतात, तुमच्या धुलाईघरात खऱ्या गोळीवाल्या आणि रिकामीवाल्या, सगळ्यांच्या रक्तात जीवनसत्त्व सारखंच वाढलंय. असं होऊच शकत नाही. म्हणजे बाटल्या भरणाऱ्यांनी घोळ घातला. आणि इथे घोळ झाला तर सगळीकडे झाला असणार. सगळ्याच ठिकाणची तपासणी रद्द करायला लागेल."

टेबलाभोवतीच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. रेडिओने तोंड उघडलं आणि मिटलं, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. तराजूबाई उठली, कपाटावरचा पत्र्याचा डबा काढून तिने डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला.

"बाटल्या भरणाऱ्यांचं काही चुकलं नाही. गोळ्या मी मिसळल्या," ती म्हणाली. "या सगळ्यांना मीच सांगितलं. कुणाला मिळावं, कुणाला नाही, हे मला बघवेना."

डॉक्टरीणबाई डब्याकडे बघतच राहिल्या. आता त्या रडणार की ओरडणार असं वाटत असताना त्यांना हसू फुटलं, आणि ते हसू आवरेचना. सगळी तपासणी वाचली होती. फक्त हे धुलाईघर त्यातून वगळलं की झालं. हसून झाल्यावर मात्र त्या गंभीर झाल्या.

"मुकादमबाई, तुमचा स्वभाव मला कळतो. पण सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लं, तर कळलं काय? काहीच नाही. सर्दी गोळीने थांबली की आपोआप, कसं सांगणार?"

"आणि माझ्या जावेला रिकामी आली असती तर?" तराजूबाईच्या तोंडून निघून गेलं.

"आली असती तर आली असती. भरलेली चांगली आहे, हे तरी कुठे ठाऊक आहे? ठाऊक असतं, तर मी सगळ्यांना दिली असती. अशी तपासत बसले असते का? आणि छाती नाजूक आहे तर त्यांना फ्लूची लस द्यायची, ती तर कुठलीही बाटली मिळाली तरी देता येते. मला आधी का नाही सांगितलंत?"

तराजूबाईने पत्र्याच्या डब्याचं झाकण लावलं. इतके दिवस ती समजत होती की डॉक्टरीणबाईंनी अर्ध्या माणसांच्या तोंडचा घास काढून घेतलाय. घास आहे की नाही हेच कुणाला माहीत नाही, ही गोष्ट आत्ता कुठे तिच्या ध्यानात येत होती.

"पण एक मला समजत नाही," डॉक्टरीणबाई नाक पुसत म्हणाल्या, आता त्यांचं नाकही पूर्वपदावर आलं होतं. "सगळ्यांचं सारखं वाढलंय, दोघी सोडून. एकीचं सगळ्यांपेक्षा बरंच जास्त, आणि एकीचं मुळीच वाढलं नाही. मुकादमबाई, तुम्ही एकही गोळी घेतली नाहीत ना? आणि तुमच्या या जाऊबाईंनी दोन-दोन घेतल्या. असं करू नये. जास्त झालं तर अपाय होतो, निम्म्या रिकाम्या होत्या म्हणून बरं."

आता सगळ्यांच्या नजरा तराजूबाईकडे. जिने आयुष्यात कुणाला कणभर जास्त दिलं नाही, ती बाई सगळ्यांसमोर पकडली गेली, तेही रक्ताच्या थेंबात. तिचे कान लाल झाले. शेवटी रेडिओच म्हणाली, "अगंबाई, तराजूचं एक पारडं झुकतं होय!" आणि टेबलावर हशा पिकला. कुणालाच राग आला नव्हता. उलट, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ही बाई त्यांना आपल्यातली वाटली.

धाकटी मात्र हसली नाही. हातातली चादर तिने अर्धवट घडीतच ठेवली आणि ती उठून गेली.

संध्याकाळी घरी तिने चहा केला. दोन कप टेबलावर आपटले. दोघे भाऊ रागरंग ओळखून फिरायला निघून गेले.

"मला विचारलंत?" धाकटी म्हणाली.

"काय विचारायचं?"

"तुमच्या वाटणीचं मी खावं का, हे. रोज सकाळी तुम्ही त्याच चादरी उघडता, तोच खोकला तुमच्या तोंडावर येतो. तुम्ही आजारी पडला असतात म्हणजे? मी काय म्हणून जगले असते मग? जावेच्या तोंडातली गोळी खाल्लेली, असं?"

"माझी छाती दणकट आहे."

"तपासलीत?"

मग तराजूबाईने जे खरं होतं तेच सांगितलं.

"मला भीती वाटत होती गं. तू वर त्या खाटेवर होतीस ना, तेव्हा मी घरी येऊन दिवसभर कुणाशी बोलले नाही. कुणाशी भांडले नाही. खिडकी उघडी का बंद, कुणी विचारलं नाही. मला असं घर पुन्हा नको होतं."

धाकटीने चहाचा घोट घेतला. मग म्हणाली, "साखर कमी पडलीय." आणि उठून तिने थोरलीच्या कपात साखर घातली, थोरलीला नको असताना, आणि थोरलीने तो चहा एक शब्द न बोलता पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी धाकटी स्वतःच वर जाऊन लस टोचून आली. येताना थोरलीचा नंबरही लावून आली.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी डॉक्टरीणबाई पुन्हा खाली उतरल्या. मागच्या वर्षीच्या आकड्यांवरून काहीच ठामपणे सांगता येत नव्हतं. आणखी एक हिवाळा तपासायला हवा होता. "तुम्ही नाही म्हणालात तर मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण हो म्हणालात, तर ज्याची बाटली त्याने घ्यायची. वाटावाटी नाही."

सगळ्या तराजूबाईकडे बघायला लागल्या. ती काय म्हणेल यावर साऱ्या धुलाईघराचं हो-नाही ठरणार होतं, आणि तिला ते कळत होतं. ती उठली. पत्र्याच्या डब्यात आता कपड्यांचे चिमटे होते, तिकडे तिने पाहिलंही नाही.

"मी घेणार," ती म्हणाली. "बाकीच्यांनी आपापलं ठरवा. मी कुणाचं ठरवणार नाही."

आणि मग धाकटीकडे बघवेना म्हणून ती भिंतीकडे बघत राहिली. कारण घेणार म्हणणं सोपं होतं. धाकटीच्या हातात एक बाटली पडणार, ती रिकामी असेल किंवा नसेल, आणि अख्खा हिवाळा आपण हात बांधून उभं राहायचं, हे तिला फार जड जात होतं.

धाकटी सगळ्यांच्या आधी पुढे झाली. तिने आपली बाटली घेतली, उघडली, एक गोळी तोंडात टाकून पाण्याबरोबर गिळली. मग तराजूबाईच्या नावाची बाटली उचलली, त्यातली एक गोळी थोरलीच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला पुढे केला आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"घ्या."

"घेते नंतर, कामं पडलीत."

"आत्ता. माझ्यासमोर."

तराजूबाईने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, आणि सुटले एकदाची म्हणून वळली.

"थांबा," धाकटी म्हणाली. "खिसा दाखवा."

खिसा रिकामा होता.

"आता आ करा. जीभ वर."

मशीनं थांबली होती. रेडिओ गप्प होती. सगळ्या बायका, डॉक्टरीणबाई, सगळ्यांच्या देखत तराजूबाईने निमूटपणे आ केला, आणि धाकटीने वाकून, नीट, अगदी दाढांमागेपर्यंत पाहिलं.